रीस्टार्टची वेळ कोणी ठरवायची?

प्रिंटरचा एक ड्रायव्हर बसवायचा, तर त्यासाठी अख्खा संगणक बंद करून पुन्हा का सुरू करायचा? सेतू केंद्रात दाखल्यांसाठी रांग लागलेली असते, डीटीपीवाल्याच्या पडद्यावर उद्या छापायला जाणारी पत्रिका उघडी असते, सीएच्या ऑफिसात रिटर्न भरायची शेवटची तारीख डोक्यावर असते, आणि नेमकी तेव्हाच 'रीस्टार्ट नाऊ' आणि 'रीस्टार्ट लेटर' ही दोन बटणे समोर येतात. कधी तर बटणेही येत नाहीत. जेवून परत यावे तर पडद्यावर ठिपके गोल फिरत असतात, टक्के चढत असतात आणि सेव्ह न केलेले काम गेलेले असते.

या त्रासावर आपल्याकडे सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे अपडेटच कायमचे बंद करून टाकणे. मशीन दुरुस्त करायला आलेला मुलगाही जाताना 'अपडेट बंद करून ठेवलंय, आता कटकट नाही' असे सांगून जातो. त्रास खरा आहे, पण हा उपाय मला धोक्याचा वाटतो. नको त्या वेळी होणारा रीस्टार्ट अडवणे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे आणि त्यासाठी अपडेटचा गळा दाबावा लागत नाही. मात्र संगणक रीस्टार्ट मागतो कशासाठी, हे आधी नीट कळायला हवे.

चालू असलेला कोणताही प्रोग्रॅम एकाच वेळी दोन ठिकाणी असतो. डिस्कवर तो फाइलच्या रूपात असतो. उघडला की त्याचा लागेल तो भाग मेमरीत, म्हणजे रॅममध्ये, येतो आणि प्रोसेसर आज्ञा पाळतो त्या मेमरीतल्या. नाटकाचा प्रयोग रंगात आला असताना विंगेतल्या संहितेची पाने बदलली, तरी रंगमंचावरचा नट जुनेच संवाद म्हणणार, कारण त्याने पाठ केलेले तेच आहेत. नवे संवाद ऐकायचे तर पुढचा प्रयोग लावावा लागतो. अपडेट डिस्कवरची संहिता बदलते. मेमरीतले पाठांतर बदलायला तो प्रोग्रॅम बंद होऊन पुन्हा सुरू व्हावा लागतो. एखादे साधे ॲप असेल तर तेवढेच बंद करून उघडले की भागते. पण बदललेली गोष्ट ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातली, म्हणजे कर्नेलमधली असेल, तर तो 'प्रोग्रॅम' बंद करणे म्हणजेच संगणक बंद करणे.

विंडोजमध्ये याच्याही अलीकडे एक अडचण उभी राहते. चालू असलेल्या प्रोग्रॅमची फाइल विंडोज कोणाला पुसू देत नाही आणि तिच्यावर दुसरी लिहूही देत नाही. डीएलएल नावाच्या सामाईक फायलींच्या बाबतीत हे फार जाचक ठरते, कारण एकच डीएलएल एकाच वेळी दहा प्रोग्रॅमनी धरून ठेवलेली असू शकते. मग इन्स्टॉलर काय करतो? नवी फाइल तात्पुरत्या नावाने शेजारी ठेवतो आणि विंडोजकडे नोंद करतो की पुढच्या वेळी सुरू होताना जुनी काढ आणि ही तिच्या जागी बसव. ही नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, 'पेंडिंग फाइल रीनेम ऑपरेशन्स' या नावाखाली साठते. संगणक सुरू होताना 'सेशन मॅनेजर' हा अगदी पहिल्यांदा जागा होणारा भाग ती यादी वाचतो आणि बाकी कोणी फायलींना हात लावायच्या आत अदलाबदल उरकतो. काही इन्स्टॉलर आणखी एक वाट वापरतात. वापरात असलेली फाइल विंडोज पुसू देत नसले, तरी तिचे नाव बहुधा बदलू देते. म्हणून जुनीचे नाव बदलायचे, नवी मूळ नावाने ठेवायची आणि जुनी पुसण्याचे काम त्या यादीत टाकायचे.

ही यादी एकदा समजली की बरीच कोडी सुटतात. एक प्रोग्रॅम बसवून 'रीस्टार्ट लेटर' दाबले आणि लगेच दुसरा बसवायला घेतला, तर तो 'आधी रीस्टार्ट करा' म्हणून अडून बसतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा सेटअप सुरुवातीलाच अशी तपासणी करतो. त्या बिचाऱ्याला यादीत अर्धवट राहिलेले काम दिसते आणि अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या फायलींवर नवी इमारत उभी करायला तो तयार होत नाही. ती नोंद रजिस्ट्रीतून हाताने पुसून पुढे जायचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये. नोंद पुसली की आधीच्या प्रोग्रॅमची नवी फाइल कधीच जागेवर बसत नाही आणि पुढे महिनाभराने तो का बंद पडतो याचा पत्ता लागत नाही.

यातून पहिला आणि सगळ्यांत उपयोगी उपाय आपोआप निघतो: फाइल कोणी धरून ठेवलेली नसेल, तर रीस्टार्टची गरजच पडत नाही. बसवायला सुरुवात करण्याआधी बाकीचे प्रोग्रॅम बंद करा, ही इन्स्टॉलरच्या पहिल्या पानावरची सूचना आपण वर्षानुवर्षे 'नेक्स्ट' दाबून ओलांडत आलो, पण ती याचसाठी असते. खिडकी बंद केली म्हणजे प्रोग्रॅम बंद झाला असेही नाही. घड्याळाशेजारच्या चिन्हांमध्ये प्रिंटरची, स्कॅनरची, क्लाउडवर फायली चढवणारी मंडळी बसून असतात. नेमका कोण फाइल अडवून बसला आहे ते पाहायचे असेल, तर विंडोजसोबतच येणाऱ्या 'रिसोर्स मॉनिटर'मध्ये सीपीयूच्या पानावर फाइलचे नाव टाकून शोधता येते. मायक्रोसॉफ्टचेच 'प्रोसेस एक्सप्लोरर' हे मोफत साधन तेच काम आणखी नीट करते.

२००७ साली सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाची आठवण फारशी कोणी प्रेमाने काढत नाही. पण रीस्टार्ट कमी करण्याच्या दृष्टीने एक मोलाची गोष्ट तिने आणली, ती म्हणजे 'रीस्टार्ट मॅनेजर'. इन्स्टॉलर त्याला आपल्याला बदलायच्या फायलींची यादी देतो. तो त्या धरून बसलेले प्रोग्रॅम आणि पडद्याआड चालणाऱ्या सर्व्हिसेस शोधतो, त्यांना रीतसर बंद व्हायला सांगतो, फायली बदलल्या की पुन्हा सुरू करतो. अख्खा संगणक बंद करण्याऐवजी चार प्रोग्रॅम बंद होतात. इन्स्टॉल करताना 'हे प्रोग्रॅम आपोआप बंद करून पुन्हा उघडू का' असा प्रश्न आला, तर तो याचाच असतो. आपले काम सेव्ह करून 'हो' म्हणावे. 'नको' म्हटले, तर शेवटी रीस्टार्ट मागितला जाण्याची शक्यता वाढते.

आता ज्यांना एकामागून एक अनेक प्रोग्रॅम बसवायचे असतात त्यांच्याविषयी; कॉलेजची लॅब सांभाळणारे, दुकानात नवी मशीन तयार करून देणारे, ऑफिसातले आयटीवाले. त्यांचे दुखणे वेगळे असते. पाचपैकी दुसऱ्या प्रोग्रॅमने मध्येच मशीन रीस्टार्ट केले की उरलेली रांग मोडते. विंडोज इन्स्टॉलरच्या पद्धतीने बनलेल्या, म्हणजे एमएसआय प्रकारच्या फायलींना कमांड प्रॉम्प्टमधून चालवताना तिरकी रेघ देऊन 'नोरीस्टार्ट' हा शब्द जोडता येतो. विंडोजची सुटी अपडेट फाइल बसवणारे साधनही हाच शब्द ओळखते. याखेरीज 'रीबूट' नावाचा एक गुणधर्म असतो आणि त्याला 'सप्रेस' किंवा 'रिअली सप्रेस' अशी किंमत देता येते. पहिल्याने शेवटी येणारा रीस्टार्टचा प्रश्न टळतो, पण इन्स्टॉलरच्या कर्त्याने मधल्या टप्प्यावर सक्तीचा रीस्टार्ट लिहून ठेवला असेल तर तो टळत नाही. दुसऱ्याने दोन्ही टळतात. ज्या मशीनवर कोणी समोर बसलेले नसते, तिथे हा फरक महत्त्वाचा ठरतो.

काम संपल्यावर इन्स्टॉलर एक क्रमांक परत देतो. शून्य म्हणजे सगळे पार पडले. ३०१० म्हणजे बसले आहे, पण रीस्टार्ट बाकी आहे. १६४१ म्हणजे बसले आणि रीस्टार्ट सुरूही केला. अनेकांच्या स्क्रिप्ट शून्याखेरीज प्रत्येक क्रमांकाला अपयश समजतात आणि ३०१० दिसला की तोच प्रोग्रॅम पुन्हा बसवायला घेतात. योग्य रीत अशी की 'नोरीस्टार्ट' देऊन सगळे प्रोग्रॅम ओळीने बसवावेत, कुठे ३०१० आला तर त्याची नोंद ठेवावी आणि शेवटी एकदाच, आपल्या सोयीने, रीस्टार्ट करावा. पाच रीस्टार्टचा एक होतो. एखादा प्रोग्रॅम खरोखरच दुसऱ्याच्या पूर्ण बसण्यावर अवलंबून असेल, तर तिथे मध्ये रीस्टार्ट घ्यावाच लागतो. पडद्यावर उलटी मोजणी सुरूच झाली असेल, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'शटडाऊन' लिहून पुढे तिरकी रेघ आणि इंग्रजी 'ए' दिल्यास मोजणी संपेपर्यंत तो रीस्टार्ट बहुतेक वेळा रद्द करता येतो.

लिनक्सवाले या सगळ्याकडे थोड्या समाधानाने पाहतात आणि त्यांना तसा हक्कही आहे. युनिक्सच्या घराण्यात फाइलचे नाव आणि प्रत्यक्ष फाइल या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. चालू प्रोग्रॅमची फाइल पुसली, तर जाते ते फक्त नाव. ती धरून बसलेला शेवटचा प्रोग्रॅम सोडेपर्यंत मजकूर डिस्कवर टिकतो. त्याच नावाने नवी फाइल तिथल्या तिथे ठेवता येते. म्हणून लिनक्सवर शेकडो पॅकेजेस काम चालू असताना बदलता येतात आणि कोणी रीस्टार्ट मागत नाही. पण मागत नाही म्हणजे गरज नाही असे नव्हे. आधीपासून चालू असलेली सर्व्हिस जुनीच, सुरक्षेचे छिद्र असलेली लायब्ररी मेमरीत घेऊन चालत राहते. डेबियन आणि उबुंटूवर 'नीडरीस्टार्ट' हे साधन कोणती सर्व्हिस जुन्या फाइलीवर चालली आहे ते दाखवते, आणि कर्नेल बदलला की 'रीबूट-रिक्वायर्ड' नावाची एक छोटी फाइल तयार होते. तिच्याकडे कोणी पाहिलेच नाही, तर सर्व्हर महिनोन्महिने जुन्या कर्नेलवर चालू राहतो. उघड्या फायरफॉक्सखालून त्याच्या फायली बदलल्या की तो अडखळतो, तेही याच कारणाने. आणि फेडोरा या लिनक्सने २०१३च्या सुरुवातीला आलेल्या अठराव्या आवृत्तीपासून अपडेट रीस्टार्टच्या वेळी, बाकी काही चालू नसताना बसवायची सोय स्वीकारली. चालत्या प्रणालीखालून फायली बदलण्यापेक्षा ते सुरक्षित, हा विचार त्यामागे होता. रीस्टार्टला फक्त विंडोजचा दोष मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

आता ज्या रीस्टार्टने बहुतेकांचे काम बुडते त्याकडे येऊ: विंडोजच्या आपोआप येणाऱ्या अपडेटचा. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्ट आपल्या सुरक्षा दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे १० वाजलेले असतात. आपल्याकडे मंगळवारच्या रात्रीचे साडेदहा किंवा, त्यांच्या हिवाळ्यात, साडेअकरा. म्हणजे भारतातल्या ऑफिसांना अपडेट दिसते ते बुधवारी सकाळी, कामाच्या भर वेळेत. हे वेळापत्रक ठाऊक असेल तर अर्धी लढाई जिंकली.

ॲक्टिव्ह अवर्स, म्हणजे कामाच्या वेळा, ही सोय विंडोज १० मध्ये ऑगस्ट २०१६च्या मोठ्या अपडेटने आली. 'सेटिंग्ज'मधल्या 'विंडोज अपडेट'च्या पानावर, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'खाली ती सापडते. तिथे दिलेल्या वेळेत विंडोज आपणहून रीस्टार्ट करायचे टाळते, आणि ही वेळ जास्तीत जास्त १८ तासांची ठेवता येते. सकाळी ७ ते रात्री १ अशी दिली, तरी चालते. त्याच पानावर रीस्टार्टची गरज असेल तेव्हा आधी सूचना द्या, असे सांगणारे बटण आहे. ते चालू ठेवावे. 'शक्य तितक्या लवकर रीस्टार्ट करा' अशा अर्थाचे बटण मात्र बंदच असू द्यावे. परीक्षा, निवडणुकीचे काम, मार्चअखेर असे काही असेल, तर अपडेट एक ते पाच आठवडे थांबवताही येतात. मुदत संपली की आधीचे साचलेले बसवल्याशिवाय पुन्हा थांबवता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. विंडोजच्या प्रोफेशनल आवृत्तीत 'ग्रुप पॉलिसी'मधून, ठरलेल्या वेळी अपडेट बसवायची व्यवस्था लावून, कोणी लॉग-इन असताना आपोआप रीस्टार्ट करू नका असेही सांगता येते. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचे हे पान नाही.

आपल्याकडच्या दुकानांत आणि छोट्या ऑफिसांत हे सगळे करूनही रीस्टार्ट भलत्या वेळी येतो, याचे कारण बहुधा रात्री बंद होणारा मेन स्विच असतो. विंडोज वाट पाहते ती कामाच्या वेळेबाहेरच्या निवांत तासाची. पण त्या तासाला मशीनला वीजच नसते. रोज पुढे ढकलत ढकलत अपडेट साचते आणि शेवटी दिवसा, गिऱ्हाईक समोर असताना, तगादा सुरू होतो. वीज बंद करायची सवय चांगलीच आहे. फक्त दुकान बंद करताना 'शटडाऊन'ऐवजी 'अपडेट अँड शटडाऊन' असा पर्याय दिसत असेल तर तो निवडावा आणि मशीन पूर्ण बंद झाल्यावरच मेन स्विचला हात लावावा.

'मी तर रोज रात्री संगणक बंद करतो, मग पुन्हा रीस्टार्ट कशाला?' हा प्रश्नही नेहमी येतो आणि तो रास्त आहे. २०१२च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर शटडाऊन करताना आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नेलची मेमरीतली अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. संगणक लवकर सुरू होतो, मात्र कर्नेलच्या लेखी तो बंद झालेलाच नसतो. सेशन मॅनेजरची ती यादीही तशीच पडून राहते. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर 'अप टाइम' पाहिला, की रोज बंद होणारे मशीन कित्येक दिवस सलग चालू असल्याचे दिसते. 'रीस्टार्ट' निवडला की मात्र सगळे खरोखर नव्याने सुरू होते. त्यामुळे जिथे रीस्टार्ट मागितला आहे तिथे शटडाऊन करून पुन्हा चालू केल्याने तो मिळेलच असे नाही.

इतका खटाटोप करण्यापेक्षा अपडेटची सर्व्हिसच बंद का करू नये? दुरुस्ती लांबवली की काय होते, ते एका जुन्या प्रसंगातून दिसते. २००६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत जेफ अर्नोल्ड नावाचा विद्यार्थी विद्यार्थी-संघटनेचे सर्व्हर सांभाळत होता. आठवड्याच्या मध्यात लिनक्सची सुरक्षा दुरुस्ती आली. लगेच रीस्टार्ट केला तर वापरणाऱ्यांची अडचण होईल, म्हणून त्याने ते काम शनिवार-रविवारवर टाकले. तेवढ्या दिवसांत कोणीतरी त्याच छिद्रातून आत शिरले. दिरंगाई काही दिवसांचीच, आणि तीही लोकांच्या सोयीसाठी.

२०१७ साली हीच गोष्ट जगभर घडली. विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधल्या एका गंभीर छिद्राची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिली होती. १२ मे रोजी त्याच छिद्रातून 'वॉनाक्राय' हे खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरले, तेव्हा मध्ये जवळपास दोन महिने गेले होते. तरी इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या किमान ८१ ट्रस्टना त्याचा फटका बसला, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. २७ जूनला 'नॉटपेट्या' आले. तेही इतर वाटांबरोबर हेच छिद्र वापरत होते. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोसळली आणि तिच्या समूहाकडून चालवले जाणारे, आपल्या न्हावाशेवा बंदरातले टर्मिनलही ठप्प झाले. नॉटपेट्याची एक तऱ्हा इथे सांगायलाच हवी. मशीनमध्ये शिरल्यावर ते साधारण तासाभरात होईल असा रीस्टार्ट लावून ठेवी, आणि रीस्टार्टनंतर डिस्क तपासणीचा खोटा पडदा दाखवत मागे डिस्कची अनुक्रमणिका कुलूपबंद करी. न्हावाशेव्याचे नुकसान केवळ चुकलेल्या अपडेटमुळे झाले असे म्हणता येणार नाही, कारण चोरलेल्या पासवर्डांची वाटही त्या व्हायरसकडे होती, आणि त्याची पहिली लागण तर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरली होती. पण दुरुस्ती न केलेली मशीन्स त्याला पसरायला मोकळे रान देत होती, यात वाद नाही.

एमआयटीतल्या त्या घुसखोरीतून मात्र एक सुंदर गोष्ट जन्माला आली. रीस्टार्ट न करता कर्नेल दुरुस्तच करता येणार नाही का, या प्रश्नाचा अर्नोल्डने पिच्छा पुरवला आणि 'केस्प्लाइस' तयार झाले. त्याची रीत अशी: दुरुस्त केलेले फंक्शन मेमरीत दुसऱ्या जागी ठेवायचे, सगळे प्रोसेसर क्षणभर थांबवायचे, जुन्या फंक्शनच्या मध्यावर कोणी अडकलेले नाही याची खात्री करायची, आणि जुन्याच्या पहिल्याच ओळीत नव्याकडे उडी मारायची आज्ञा लिहायची. पापणी लवायच्या आत काम उरकते. रंगमंचावरच्या नटाचे पाठांतरच प्रयोग न थांबवता बदलण्याचा हा प्रकार. २००९ साली अर्नोल्ड आणि त्याचे प्राध्यापक फ्रान्स काशूक यांनी याविषयीचा शोधनिबंध मांडला. मे २००५ ते मे २००८ या काळातल्या लिनक्स कर्नेलच्या ६४ महत्त्वाच्या सुरक्षा दुरुस्त्या त्यांनी घेतल्या होत्या. त्यांतल्या ५६ एक ओळही नवी न लिहिता चालत्या कर्नेलमध्ये बसल्या आणि उरलेल्या थोडा कोड लिहून. २०११ मध्ये ओरॅकलने केस्प्लाइसची कंपनी विकत घेतली. मग रेड हॅट आणि सुसे यांनी आपापल्या पद्धती काढल्या आणि २०१५ साली लिनक्सच्या ४.० या आवृत्तीपासून 'लाइव्ह पॅचिंग'चा पाया कर्नेलमध्येच आला. यात मर्यादा आहेत. फंक्शन बदलणे सोपे, पण ज्या सारण्यांत माहिती साठवली आहे त्यांची रचनाच बदलायची असेल, तर चालत्या कर्नेलमध्ये ते फार अवघड जाते.

विंडोजमध्येही या कल्पनेची जुनी खूण सापडते. तिच्या ३२ बिटी फायलींत कितीतरी फंक्शन्स 'मूव्ह ईडीआय, ईडीआय' या दोन बाइटच्या आज्ञेने सुरू होतात: प्रोसेसरच्या एका रजिस्टरमधली किंमत त्याच रजिस्टरमध्ये ठेवा. त्याने काहीच घडत नाही. तिच्या आधी पाच बाइट रिकामे सोडलेले असतात. गरज पडली तर या पाच बाइटांत नव्या फंक्शनकडची लांब उडी लिहायची आणि त्या दोन बाइटांच्या जागी मागच्या पाचांकडची छोटी उडी ठेवायची. फंक्शन चालत असतानाही धक्का न लागता बदलता यावे म्हणून कोणीतरी ही जागा आधीच राखून ठेवली. अशी दूरदृष्टी पाहिली की मला फार आनंद होतो. चालत्या विंडोजमध्येच दुरुस्ती बसवणाऱ्या 'हॉटपॅच'ची सोय पुढे विंडोज सर्व्हर २०२२च्या अझूर आवृत्तीत आणि एप्रिल २०२५ पासून विंडोज ११च्या एंटरप्राइझ आवृत्तीत आली. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये रीस्टार्ट लागतो. मधल्या महिन्यांच्या सुरक्षा दुरुस्त्या त्याशिवाय बसतात. वर्षाचे १२ रीस्टार्ट ४ वर येतात. घरच्या विंडोजला ही सोय नाही.

आणखी एक रीस्टार्ट अपडेटने येत नाही, लाइट गेल्याने येतो, आणि इन्स्टॉलेशनच्या मध्यावर तो आला तर सगळ्यांत वाईट. विंडोजचे स्वतःचे अपडेट बहुधा यातून सावरते. पुढच्या वेळी 'बदल मागे घेत आहोत' असा संदेश देऊन ते जुन्या अवस्थेला परतते. बायोस किंवा फर्मवेअरचे अपडेट मात्र अर्धवट राहिले, तर काही मदरबोर्ड पुन्हा सुरूच होत नाहीत. ज्या दिवशी भागात वीजपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना आहे त्या दिवशी हे काम काढू नये. डेस्कटॉपला यूपीएस हवाच, त्याची बॅटरी खरोखर किती मिनिटे टिकते हेही तपासलेले हवे; लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी आणि चार्जरही लावलेला असावा. फोनच्या बाबतीत ही चिंता बरीच कमी झाली आहे. २०१६च्या अँड्रॉइड ७.० पासून आलेल्या रचनेत प्रणालीच्या दोन प्रती ठेवता येतात. आपण फोन वापरत असताना अपडेट दुसऱ्या प्रतीवर बसते, रीस्टार्टला फक्त इकडून तिकडे जायचे असते, आणि नवी प्रत सुरू झाली नाही तर फोन जुनीवर परत येतो. क्रोमबुकने ही रीत त्याआधीच वापरली होती.

रीस्टार्ट टळला म्हणजे धोका टळला, असे मात्र समजू नये. १९ जुलै २०२४ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक छोटी माहिती-फाइल जगभर पाठवली. तिला रीस्टार्ट लागत नव्हता, कोणाची परवानगी लागत नव्हती. ती चालत्या मशीनमध्ये थेट वाचली गेली आणि मशीन कोसळली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन्सना फटका बसला, भारतात विमानतळांवर प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. कंपनीने सव्वा तासाच्या आसपास चूक मागे घेतली, पण तोवर लाखो मशीन्स सुरू व्हायची, पडायची, पुन्हा सुरू व्हायची. अनेक मशीन्सपाशी माणूस जाऊन, सेफ मोडमध्ये ती फाइल पुसावी लागली.

मोठ्या यंत्रणा या सगळ्यावर एकच तोडगा वापरतात: एकच काम करणारी अनेक मशीन्स ठेवायची, आधी मोजक्यांवर अपडेट बसवून पाहायचे आणि मग एकेक मशीन रांगेतून बाजूला काढून रीस्टार्ट करायचे. ग्राहकाला काही कळतही नाही. चार संगणकांच्या ऑफिसालाही हे जमते. दुसऱ्या मंगळवारानंतरच्या बुधवारी संध्याकाळी कमी महत्त्वाच्या एका मशीनवर अपडेट बसवून रीस्टार्ट करावा. गुरुवारी त्यावर प्रिंटर चालतो का, टॅली उघडते का, डिजिटल सहीचा डोंगल ओळखला जातो का, ते पाहावे. सगळे ठीक असेल तर शुक्रवारी ऑफिस बंद करताना उरलेल्या तिन्ही मशीन्सना 'अपडेट अँड शटडाऊन' द्यावे आणि शेवटचा पडदा काळा होईपर्यंत मेन स्विच चालू ठेवावा.